फ्रीडाची पळी

मिल्कामावशी,

तुमची पळी आज सकाळी तुमच्या मुलाच्या घरी, नेपरव्हिलला गेली. डॅनियल ती टॉवेलात गुंडाळून बॅगेत घालत होता, पण तुमच्या नातीने, नोआने, त्याच्या हातातून काढून घेतली आणि विमानतळाच्या गाडीत ती मांडीवर धरून बसली. मी वरून तुमच्या खिडकीतून बघत होते. गाडी वळली तेव्हा दांडा काचेत एकदा चमकला.

हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही म्हणून लिहायला बसले. चौथीनंतर मी लिहिलं ते वाणसामानाची यादी आणि ख्यालीखुशालीच्या दोन ओळी, एवढंच. पण बोलायची मला त्याहून जास्त लाज वाटते, हे तुम्हाला माहीत आहे. इथे कोणी वाचणार नाही, तेव्हा चुकलं तरी चालेल.

तुमच्यातल्या रिवाजाने सुतकात आरशांवर घातलेल्या चादरी मी काढल्या. घड्या घालून कपाटात ठेवल्या. मृणाल म्हणाली, आई, ते डॅनियल बघेल, तुम्ही कशाला करता? मी म्हटलं, कुठे काय ठेवायचं ते मला माहीत आहे. सुनेने उरलेल्या चादरी माझ्या हातात दिल्या. मी असं पटकन उत्तर देते हे तिला नवीन होतं. ही सवय तुमची.

आपली ओळख तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत झाली, आठवतं ना? मला अमेरिकेत, पार्सिपनीत येऊन थोडेच महिने झाले होते. माझा निखिल आणि मृणाल कामावर, त्यांची मुलं शाळेत, आणि मी त्या मशीनपुढे उभी राहून तिला शिव्या देत होते, कारण ती पैसे खाऊन गप्प बसली होती. मागून आवाज आला, "अगं, दार नीट लाव तिचं, मग ऐकते." मी वळून पाहिलं. पांढरे केस, पँट, पायात बूट. तुमच्या टपालाच्या पेटीवरचं परकं आडनाव आणि तुमचा सावळा रंग बघून निखिल तुम्हाला स्पॅनिश समजत होता. बोललं कोण म्हणून मी तुमच्या मागे बघत राहिले. तुम्ही हसलात आणि गाव विचारलंत. रोहा म्हटल्यावर म्हणालात, "मग आपण एकाच खाडीच्या. मी रेवदंड्याची. तुमच्या अंगणातलं पाणी वाहत आमच्याकडे यायचं."

तुमच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा. शनवार तेली हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. ते ज्यू, आणि त्यांचा शनिवार हा देवाचा दिवस, हे मला साठी उलटल्यावर अमेरिकेत कळलं. तुम्ही म्हणालात, काही बिघडलं नाही, इथल्या ज्यूंनाही आम्ही कोण ते अजून कळलेलं नाही. तुमची इथल्या देवळातली, सिनेगॉगमधली माणसं तुम्हाला अजून विचारायची की तुम्ही धर्म बदलून आलात का. तुम्ही त्यांना सांगायचात, "हो, दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटून समुद्रातून आले. कपडे अजून वाळतायत."

आपलं खरं बोलणं झालं ते वाल सोलताना. एडिसनहून मृणालने आणलेले वाल भिजत घालायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून टेबलावर मधोमध परात ठेवायची, आणि दोघींनी दोन बाजूंनी सुरुवात करायची. तुम्ही भरभर सोलायचात आणि माझ्या ढिगातले न सोललेले काढून दाखवायचात. तुमच्यात उन्हाळ्यात एक कडक उपास असतो, जुनं देऊळ पाडलं त्याच्या दुःखाचा. तो बिरडं खाऊन सोडतात म्हणून त्याचं नावच बिरड्याचा रोजा. मी विचारलं, जेरुसलेमच्या देवळाचा आणि वालाचा काय संबंध? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दुःख तिथलं, बिरडं इथलं. पोटात दोन्ही एकाच वेळी जातं."

पळीची गोष्ट तुम्ही मला अशीच, मधेमधे थांबून सांगितलीत.

वॉल्टरकाकांना, तुमच्या यजमानांना, मी पाहिलेलं नाही. फ्रिजवरच्या फोटोत ते अर्ध्या चड्डीत, मुंबईच्या उन्हात डोळे बारीक करून उभे आहेत आणि शेजारी त्यांची आई, फ्रीडा. जर्मनीतल्या एका लहान गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. आधी दुकानावर ज्यूंचं म्हणून खूण केली, मग गिऱ्हाईक यायचं बंद झालं, मग दुकान आणि राहतं घर शेजाऱ्याला मातीमोल भावात लिहून द्यावं लागलं. नंतर हुकूम निघाला की ज्यूंनी घरातलं सोनं-चांदी सरकारी गहाणखात्यात आणून जमा करायचं. लग्नाची अंगठी आणि माणशी थोडे काटे-चमचे ठेवायची मुभा होती. फ्रीडाने विचारलं, पळीचं काय? पळी माणशी नसते, ती सगळ्या घराची असते. म्हणून तीही द्यावी लागली.

पिशवीत तिचा दांडा मावेना, म्हणून फ्रीडाने ती लहान वॉल्टरच्या हातात दिली. शहरातल्या ट्राममध्ये तो पळीने बाकावर ढोल वाजवायला लागला, तेव्हा फ्रीडाने त्याला चापट मारली. जन्मात एकदाच. रांगेत सगळी ओळखीची माणसं चांगले कपडे घालून उभी होती, लग्नाला आल्यासारखी. खिडकीतल्या माणसाने पोराच्या हातातून पळी घेतली, बाकीच्या चांदीबरोबर काट्यावर टाकली आणि वजन लिहिलं. वॉल्टरकाका म्हातारपणीही सूप वाढताना मधेच थांबायचे, असं तुम्ही सांगितलंत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मायलेक बोटीने मुंबईला आले. वडील उरलंसुरलं आवरून मागून येणार होते. ते आले नाहीत. त्यांना कुठे नेलं ते लढाई संपल्यावर कळलं.

फ्रीडा मुंबईत रमली, असं तुम्ही म्हणायचात. कोळणीशी ती जर्मनमध्ये घासाघीस करायची, कोळीण मराठीत, आणि शेवटी पापलेट मात्र फ्रीडाच्याच भावात यायचं. लढाईनंतर तिकडे परतफेडीचे कायदे झाले. तिने अर्ज केले. घर ज्याच्या ताब्यात होतं तो शेजारी म्हणाला, मी रीतसर विकत घेतलंय. कित्येक वर्षं पत्रं चालली. शेवटी थोडे पैसे आले, घर त्याच्याकडेच राहिलं. चांदीची भरपाई वजनावर झाली. ती घेताना एका कागदावर सही करायची होती की आता माझं काही मागणं उरलेलं नाही. तुम्ही तेव्हा त्या घरात नवी सून होतात. सासूबाई कचेरीतून सही करून आल्या, पायातलं न काढता मोरीत गेल्या आणि उजवा हात धूत राहिल्या. साबण लावायच्या, धुवायच्या, परत लावायच्या. शेवटी तुम्ही नळ बंद केलात. तुम्हाला पाहून त्या म्हणाल्या, जा, चहा कर.

वॉल्टरकाकांनी त्या दिवशी तुमच्याकडून वचन घेतलं. आपल्या घरातून पुन्हा कोणी अशा कागदावर सही करायची नाही. पुढे भरपाईची आणखी पत्रं आली, पण त्यांनी एकाही पाकिटाला हात लावला नाही. गेले तेव्हाही ती पाकिटं तशीच बंद होती.

आणि मग तुमच्याकडे ते पत्र आलं.

जर्मनीतल्या एका संग्रहालयाने लिहिलं होतं की त्यांच्या कपाटातली काही चांदी ज्यूंकडून घेतलेली आहे. बहुतेक चांदी तेव्हाच वितळवली गेली, पण जुन्या घडणीच्या वस्तू संग्रहालयाने गहाणखात्याकडून विकत घेऊन ठेवल्या होत्या. त्यात एक पळी आहे. दांड्यावर नावाची दोन अक्षरं आहेत. ती तुमच्या घराची आहे, असं आमचं शोधाअंती मत झालं आहे. तुम्ही मला एकेक वाक्य मराठीत करून सांगत होतात. पत्र संपलं तेव्हा चष्मा काढून म्हणालात, "मेली जिवंत आहे." आणि हसलात, आणि मग बराच वेळ हसला नाहीत.

पत्र तुम्ही फळांच्या भांड्याखाली ठेवलंत. डॅनियलचा फोन आला की त्यावरून बोलणं व्हायचं. तो म्हणायचा, आपण घेऊ आणि इथल्या एखाद्या म्युझियमला लोनवर देऊ, डॅडची स्टोरी बाजूला लावतील, लोक वाचतील. चांगलंच म्हणत होता तो. पण तुम्ही फोन ठेवल्यावर म्हणायचात, "एका कपाटातून काढून दुसऱ्या कपाटात. तिने परत वरण-भात बघायचाच नाही का?" मी म्हणायचे, मग घ्या ना. की तुम्ही गप्प. घ्यायची म्हणजे सही आली.

त्याच दिवसांत मी तुम्हाला माझ्या पातेल्याचं सांगितलं. ते का सांगितलं कोण जाणे, निखिललाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नात वडिलांनी पितळेचं मोठं पातेलं दिलं होतं, काठाखाली नाव घालून. चि. सौ. कां. सुमन हिस वडिलांकडून. हे गेल्यावर मी निखिलला घेऊन पुण्याला भावाकडे आले, भांडीकुंडी रोह्याला दिरांच्या घरात राहिली. बऱ्याच वर्षांनी त्यांच्याकडे पूजेला गेले. मला शिरा वाढायला बसवलं. पातेलं हातात घेतल्याबरोबर मी ओळखलं. पण काठाखाली नाव नव्हतं. कानशीने घासून टाकलेला एक गुळगुळीत पट्टा तेवढा होता. मी शिरा वाढला. सगळ्यांना पुरवून वाढला.

तुम्ही अरेरे म्हणाला नाहीत. "मागितलंस?"

मी म्हटलं, नाही. भांडं ते काय, मावशी. तुमच्यापुढे तर हे बोलायचीसुद्धा लाज वाटते.

तुमचे हात परातीत थांबले. तुम्ही म्हणालात, "तुझं पातेलं आणि त्यांचं सगळं गेलं ते, यांची तुलना मी करायची नाही आणि तूही करायची नाहीस. पण नाव घासलं ना त्यांनी? मग माग."

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी तुमचा तोच प्रश्न, फोन केलास का रोह्याला? मी म्हणायचे, तुम्ही सही करा, मी फोन करते. तुम्ही म्हणायचात, ही वाणीण आली. दोघी आपापल्या जागी हटून बसलो होतो. पण एक दिवस तुम्ही आपणहून संग्रहालयाला कळवलंत की आणून दाखवा, बघायला काय जातं.

पळी घेऊन आलेली ती जर्मन मुलगी, लेना, किती लहान होती. मला वाटलं होतं कोणी साहेब येईल. पोस्टाने पाठवायचा धीर होईना म्हणून ती स्वतः विमानात मांडीजवळ घेऊन आली होती. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात लपले. दाराच्या फटीतून मला दिसत होतं. तिने निळे हातमोजे घातले, कापड उलगडलं आणि पळी तुमच्या टेबलावर ठेवली. आपल्या डावाएवढी मोठी, खोलगट, दांडा लांब आणि थोडा वाकलेला. मागच्या अंगाला लाल रंगाने संग्रहालयाचा नंबर घातला होता. तुम्ही हातमोजे न घालताच ती उचललीत. लेनाने हात पुढे केला आणि परत मागे घेतला. तुम्ही टेबलाच्या कडेवर तिने हलकेच दोनदा वाजवलंत. ढोलासारखं. मी आत पदर तोंडाला लावला.

मग तिने कागद काढला. तुम्ही सावकाश वाचलात आणि एका जागी बोट ठेवलंत. त्यात लिहिलं होतं की ही वस्तू संग्रहालयाने अमुक साली अक्वायर केली. तुम्ही तिला इंग्रजीत विचारलंत, अक्वायर म्हणजे काय? दुकानातून आणली? मुलीचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, मला पटत नाही तो शब्द, मी वर कळवलं होतं, पण कागद असाच ठरलेला येतो. खाली शेवटची ओळ तीच होती, फ्रीडाने सही केलेली. आमचं आणखी काही मागणं नाही. तुम्ही पेन खाली ठेवलंत.

ती बिचारी हातमोज्यांची बोटं सरळ करत बसली. पळी टेबलावर, कागद टेबलावर, मधे तिचा न प्यायलेला आल्याचा चहा. आणि तुम्ही मराठीत हाक मारलीत, "सुमन, बाहेर ये. तू सांग. घेऊ का पाठवू परत?"

मी पदराला हात पुसले. बाहेर आले. त्या मुलीने उठून मला नमस्कार केला आणि तुम्हाला विचारलं, ह्या कोण? तुम्ही विचार न करता म्हणालात, "माय सिस्टर."

एवढं इंग्रजी मला कळतं, मावशी.

मी खाली बघूनच म्हटलं, "भांडं दारात आलंय, मावशी. त्याला आधी घरात घ्या. कागदाशी मग भांडू."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि सही केलीत. लेना रडत होती. जाताना तिने तुम्हाला मिठी मारली आणि मलाही, मी काठीसारखी उभी. दार लागल्यावर तुम्ही सरळ सिंककडे गेलात आणि नळ सोडलात. मला वाटलं, आता तुम्हीही हात धूत बसणार आणि हे मी करायला लावलं. पण तुमच्या हातात पळी होती. तुम्ही ती घासलीत, विसळलीत, उकळतं पाणी करून त्यात बुडवलीत, तुमची कसलीशी प्रार्थना पुटपुटलात, आणि मला म्हणालात, "वाल आहेत का गं भिजवलेले?"

असं वाटेल की इथे सगळं गोड झालं. झालं नाही. चार दिवसांनी तुम्ही वाल सोलता सोलता एकदम म्हणालात, "तू म्हणालीस म्हणून घेतली. वॉल्टरला मी काय तोंड दाखवू?" मी काही बोलले नाही. तुम्ही म्हणालात, "आता बोल की. तेव्हा बरी बोललीस." मी परात उचलून घरी गेले. निखिल मला नेहमी म्हणायचा, आई, तू त्या आजींकडेच शिफ्ट हो. त्या आठवड्यात त्याने विचारलं, काय गं, ब्रेकअप झालं का? मी त्याला लाटणं दाखवलं.

मग मीच आले. दारातूनच म्हटलं, "आपल्याकडे भांडं घरात आलं की नाव घालतात. कागदावर त्यांनी त्यांचं लिहिलं. पळीवर तुमचं लिहा."

तुम्ही आधी हसलात. मग रेवदंड्याच्या तुमच्या आईच्या मांडणीवरची भांडी एकेक आठवायला लागलात, कुठल्यावर कोणाचं नाव, कुठल्या मुलाच्या बारशाचं. तुमच्यातही नावं घालत होते, अगदी आमच्यासारखी. आणि मग चष्मा लावून म्हणालात, "संडेला तुझ्या सुनेला वेळ आहे का?"

मृणालने गाडी काढली. वाटेत ती दोनदा म्हणाली, मावशी, आर यू शुअर, हे अँटिक आहे, असं कोणी करत नाही. तुम्ही म्हणालात, तेच तर. ओक ट्री रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात त्या गुजराती भाईने पळी फिरवून पाहिली, लाल नंबर पाहिला आणि नाव कोरायची मशीन बाजूला ठेवली. "माजी, ये तो म्यूझियम की चीज लगती है."

तुम्ही म्हणालात, "थी."

कागदाच्या चिठोऱ्यावर तुम्ही मजकूर लिहून आणला होता. मला दाखवला नव्हता. मशीन कर्र वाजायला लागली तेव्हा तुम्ही माझा हात धरलात, दाढ काढताना धरतात तसा. मृणालच्या अंगावर काटा आला होता. त्याने फुंकर मारली, पुसलं, तुमच्यासमोर धरलं. दांड्याच्या मागच्या अंगाला, मराठीत. त्याने लाल नंबर घासून देऊ का विचारलं, तुम्ही म्हणालात, राहू दे, तोही साक्षीदार आहे. आणि अक्षरांच्या खाली बोटाएवढी जागा मोकळी ठेवायला सांगितलीत.

डॅनियलला कळलं तेव्हा फोनवर त्याचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू येत होता. मॉम, यू डिड व्हॉट? आता कुठलं म्युझियम ती घेणार नाही, तिची व्हॅल्यू गेली. तुम्ही शांतपणे म्हणालात, व्हॅल्यू गेली तर बरं झालं. आता ती परत कोणी नेणार नाही.

तरीसुद्धा वॉल्टरकाकांपाशी तुमचं मन मोकळं झालं नव्हतं, हे मला माहीत आहे. पळी तुम्ही रोज वापरायचात, पण वाढताना तुम्हीही मधेच थांबायला लागला होतात. मी विचारायला हवं होतं, की मावशी, आपण चुकलो का? आणि तुम्ही मला सिस्टर म्हणालात, त्यावर मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही तुम्हाला मावशीच म्हटलं. मला वाटलं, बोलायला दिवस पडलेत.

तुम्ही झोपेतच गेलात. मी दूध घेऊन आले होते. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

तुमच्यातल्या सुतकाचे सात दिवस डॅनियल खाली बुटक्या स्टुलावर बसला होता. तुमच्या देवळातली माणसं रोज यायची, डबे आणायची. शेवटच्या दिवशी मी बिरडं केलं. वाल एकटीने सोलले. माझ्या ढिगातले न सोललेले शोधणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच दोनदा बघितले. पातेलं टेबलावर ठेवलं आणि वाढायला काय घ्यावं म्हणून ड्रॉवर उघडला, तर डॅनियल उठून आला आणि त्याने पळी काढली. थोडा वेळ हातात धरून उभा राहिला. मग मला मोडक्या मराठीत म्हणाला, "मावशी, इथे काय लिहिलंय? तिने मला सांगितलं नाही. मी खूप ओरडलो होतो ना, मग विचारायची लाज वाटली."

खोली माणसांनी भरलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्हाला माहीत आहे माझं काय होतं ते. कानात आवाज येतो. मी पळी घेतली, पदराने पुसली. चौथी पास बाईला एवढं वाचता येतं. मी मोठ्याने वाचलं.

"फ्रीडाची. नेली होती. परत आली."

डॅनियलला अर्थ लागायला क्षणभर लागला. मग त्याने तो इंग्रजीत सगळ्यांना सांगितला, आणि सांगताना मधल्या दोन शब्दांपाशी त्याचा आवाज गेला. नोआ जवळ आली, तिने मोकळ्या जागेवर अंगठा फिरवला. हे काय आहे, इथे का नाही काही? तिने इंग्रजीत विचारलं. डॅनियलने माझ्याकडे पाहिलं. मी नोआच्या छातीवर बोट ठेवलं. तिला कळलं.

तेव्हा कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी, काळी टोपी घातलेल्या, मला विचारलं, अँड हू आर यू, डिअर? डॅनियल माझ्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडत होता. मीच म्हटलं, "सिस्टर."

मग सगळ्यांना बिरडं वाढलं. त्या पळीनेच. पुरवून वाढलं.

आता शेवटचं. आज नोआ गेल्यावर मी तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या खुर्चीवर बसून रोह्याला फोन लावला. शैलाने, धाकट्या जावेने, उचलला. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, शैला, माझं पितळेचं पातेलं होतं, बाबांनी दिलेलं. ती म्हणाली, कुठलं पातेलं, ताई? मी काही बोलले नाही. तुम्ही माझ्यापुढे असंच गप्प बसायचात, ते मी शिकले. पलीकडे कुकरची शिटी झाली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हो. तुमचंच ते. तांदूळ भरून ठेवलेत त्यात. पाठवू का कोणाबरोबर?"

मी म्हटलं, "नको, ठेव तुझ्याकडेच. नाव तेवढं परत घालून घे."

ती हो म्हणाली. घालेल की नाही, माहीत नाही. वॉल्टरकाका भेटले असतील तर सही माझ्या सांगण्यावरून झाली असं त्यांना सरळ सांगा. आणि रागावले, तर पळीवर काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं ना.